मामंजींचा नवा संच

कोठार भरलं, हे सूनबाईने सकाळच्या चहाला सांगितलं, आणि सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू आत बसून खाल्लं ते तिनेच.

आता हे कोठार म्हणजे धान्याचं नव्हे बरं का. हे दातांचं. घराच्या तळमजल्यावर या कुटुंबाची दात बनवायची लॅब होती. शहरातल्या दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि इथून कॅप, ब्रिज, कवळ्या डबीत बसून परत जायच्या. पूर्वी सगळा कारभार मेणात आणि प्लास्टरमध्ये चालायचा. आता तोंडाचं माप संगणकावर येतं, दात आधी खास पेनने पडद्यावर घडतो आणि मग यंत्रात कोरला जातो. या सगळ्या फायलींची एक प्रत रोज संध्याकाळी जिन्याखालच्या काळ्या डब्यात जाऊन बसायची. सूनबाई त्याला बॅकअप म्हणायची, बाकीचे कोठार म्हणायचे, आणि घरात बहुमत चालतं, त्यामुळे हळूहळू तीही कोठारच म्हणायला लागली.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. सासरे तशी हाक मारायचे, ती हाक डॉक्टरांनी उचलली, डब्या पोचवणाऱ्यांनी उचलली, आणि एकदा तर खुद्द नवऱ्याच्या तोंडून निघाली तेव्हा तिने हात टेकले. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं ती एका मोठ्या कंपनीत संगणकांची देखभाल करायची. दातातलं तिला ओ की ठो कळत नसे. इथे तिचं काम एवढंच, की जे घडलं ते हरवता कामा नये.

त्यालाही कारण होतं. मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, लॅब काढली तेव्हाच डॉक्टरांना शब्द दिला होता. आमचा दात फुटला, हरवला, पेशंटने झोपेत गिळला, काहीही होवो, हुबेहूब तोच पुन्हा मिळेल. माप परत द्यायला नको, तोंड वासून बसायला नको. आणि लोक खरंच फोन करायचे. दोन वर्षांनी करायचे, सात वर्षांनी करायचे. काम झाल्यावर वर्षभराने ती फाईल संगणकावरून उडायची, पण कोठारात असायची. सूनबाई ती काढून द्यायची आणि दुसऱ्या दिवशी दात तयार. या एका शब्दावर लॅब उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

त्यामुळे कोठार भरलं म्हणजे दोनच वाटा. एक तर नवं काम आत घ्यायचं नाही, नाहीतर जुनं काहीतरी बाहेर काढायचं. मोठा डबा मागवला होता, पण तो यायला अवकाश होता, आणि आत फार तर दोनचार दिवसांची जागा उरली होती.

खरं म्हणजे कोठार इतक्यात भरायलाच नको होतं. त्याला एक चांगली खोड होती. आलेल्या फायलीचे ते बारीक तुकडे करायचं, प्रत्येक तुकडा आपल्याकडे आधीपासून आहे का ते पाहायचं, आणि असला तर पुन्हा ठेवायचं नाही. 'हा तोच तो' अशी खूण करायची आणि मोकळं व्हायचं. घरात मीठ असताना कुणी परत मीठ घेऊन आला तर त्याला दारातूनच परत लावावं, तसं. म्हणून तर इतकी वर्षं एवढ्याशा डब्यात सगळं मावलं.

हे सूनबाईने वन्संना पूर्वी समजावलं होतं. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लॅबचे फोन, ऑर्डरी आणि सगळ्यांची खरडपट्टी ही खाती त्यांच्याकडे होती. पण समजावलेलं वेळेला आठवेल तर त्या वन्सं कसल्या. सूनबाई दुपारी जरा बाहेर गेली तेवढ्यात त्यांनी फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपापल्या संगणकावरचा पसारा आवरायचा. सगळ्यात मोठा पसारा अर्थात धाकट्या भावाचा. सूनबाईच्या नवऱ्याला एकेका कामाच्या ढीगभर प्रती ठेवायची सवय. एकीचं नाव 'अंतिम', दुसरीचं 'अंतिम खरं', तिसरीचं 'अंतिम आता नक्की'. दात भाजायच्या भट्टीजवळचं काम टाकून तो बिचारा दोन तास या अंतिमांचा निकाल लावत बसला. सूनबाई परत आली तेव्हा बहीण-भाऊ दोघंही मोठा पराक्रम केल्यासारखे उभे होते.

तिने कोठार उघडून पाहिलं. तिळभरही फरक नव्हता. पडणारच नव्हता, कारण त्या सगळ्या प्रती कोठाराच्या लेखी एकच होत्या आणि एकदाच ठेवलेल्या होत्या. हे तिने हसू दाबून सांगितलं. वन्संनी नाक मुरडलं. म्हणाल्या, मग सांग ना तूच, कोण खातंय ते.

म्हणून ती शोधायला बसली. कोणाच्या कप्प्यातून रोज किती नवीन माल आला, हे कोठार दाखवायचं. नवीन म्हणजे आधी कधीच न पाहिलेला. नवऱ्याचं थोडं, स्कॅनरचं थोडं, वन्संच्या ऑर्डरींचं तर नावालाच. आणि एका कप्प्यातून मात्र रोज संध्याकाळी, एकही दिवस न चुकता, गाठोडंच्या गाठोडं. तो कप्पा मामंजींचा होता.

हे ऐकून घरात आनंदीआनंद झाला, तो वेगळाच.

त्याचं असं होतं. मामंजी दातांच्या धंद्यातले जुने जाणते. डॉक्टर त्यांना काका म्हणायचे आणि अवघड दात काकांनीच करावा म्हणून हटून बसायचे. ते दातांना नंबराने ओळखत नसत. हा सुळा हट्टी आहे, ही दाढ आळशी आहे, हा पटाशीचा दात लाजरा आहे, याला जरा पुढे आणा, असं बोलायचे. हयातभर मेणात कोरलेले आकार त्यांनी संगणकावर आणले होते, आणि लॅबमधला प्रत्येक नवा दात त्यातल्याच कुठल्यातरी नमुन्यावरून सुरू व्हायचा. दोन वर्षांपूर्वी ते रोजच्या कामातून बाजूला झाले. आता एक नवा संच करतो म्हणाले, सगळ्या दातांचा, म्हाताऱ्या माणसांसाठी, झिजलेल्या दातांशी जुळेल असा. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की ते मागच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. वन्सं दाराबाहेरच्या स्टुलावर चहा ठेवून यायच्या. तो हमखास गार व्हायचा आणि वन्सं हमखास कुरकुरायच्या. चहासुद्धा हल्ली अर्धाच कप घेत. तब्येतीला बरं, असं त्यांचं म्हणणं.

तर नवरा म्हणाला, बघा, आपण सगळे मिळून करतो त्याच्यापेक्षा बाबांचं एकट्याचं नवीन काम जास्त! वन्संच्या तर डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी लगेच दोन डॉक्टरांना फोनवर सांगूनही टाकलं, की काकांचा संच आता होतच आलाय. मामंजी तिथेच बसले होते. अर्धा कप चहातला अर्धा तसाच ठेवून ते उठले आणि आत गेले.

सूनबाईच्या मनात मात्र खुट्ट झालं. गाठोडं रोज यावं हे ठीक. पण रोज जवळजवळ तेवढंच कसं? काम करणाऱ्या माणसाचा एखादा दिवस भरीव जातो, एखादा वाया जातो. आणि तिला आठवलं, की त्या कप्प्याला कुलूप आहे. अर्धवट काम कुणी बघू नये म्हणून मामंजींनी मागून घेतलेलं, तिनेच शिकवलेलं. रोज संध्याकाळी ते सगळ्या नमुन्यांचं गाठोडं बांधायचे, परवलीचा शब्द घालून कुलूप लावायचे आणि मग संगणक बंद करायचे. कुलूप लावलं की आतल्या मजकुराचा असा काही चुरा होतो की मूळ वस्तूचा मागमूस राहत नाही, आणि चुरा दर वेळी वेगळा. तीच वस्तू रोज नव्या कागदात घट्ट गुंडाळून आणली तर दारावरचा माणूस ती ओळखणार कशी? आदल्या दिवशीपेक्षा दोनच दात वेगळे असले तरी कोठार सगळं गाठोडं नवीन समजून आत घेणार. घोडं इथेच अडलं होतं.

ती मागच्या खोलीशी गेली आणि दार वाजवलं. मामंजींनी दार उघडलं, पण पुरतं नाही. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कुलूप काढलं तर कोठार आपोआप सारखं ते सारखं ओळखेल, एकदाच ठेवेल, आणि जागाच जागा होईल. काही फेकायलाही नको.

मामंजी म्हणाले, कुलूप राहू दे. माझी जुनी गाठोडी फेकून दे आणि शेवटचं तेवढं ठेव.

हे ती करेना. तिच्या कामातला हा पहिला धडा होता, की जे उघडून पाहिलं नाही ते आहे असं धरायचं नाही. शेवटचं गाठोडं खराब निघालं तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात. तिने विनवलं, की एकदाच उघडून दाखवा, मग खुशाल फेकते. मामंजींनी नाही म्हणून मान हलवली. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. दार हळूच लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला आणि तिला, खरं सांगायचं तर, वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला परकं म्हणून वागवलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला घरात विचारविनिमय झाला. म्हणजे वन्सं बोलल्या आणि बाकीच्यांनी ऐकलं. बाबांच्या कामाला कुणी हात लावायचा नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. नवऱ्याचंही तेच. नवा संच म्हणजे लॅबचं पुढचं भविष्य, त्याच्यासाठी जुने पेशंट गेले तर जाऊ देत. पाच वर्षांपूर्वीच्या दातासाठी हल्ली फोन येतात तरी किती? सूनबाई नुसताच भात कालवत राहिली. तिला ते पटलं नव्हतं, पण दुसरं काय करावं हे तिलाही सुचत नव्हतं.

मामंजींनी ताटावरून मान वर केली आणि विचारलं, "कोण कोण जाणार?"

काय जाणार असं नाही, कोण जाणार. नवऱ्याने जुन्या पेशंटांची नावं आठवून आठवून दोनचार घेतली. त्यात एक शाळेतल्या बाई होत्या. पुढचा दात बसवल्यापासून त्यांनी फळ्याकडे तोंड करून काही म्हटलं की बारीक शिट्टी वाजायची आणि वर्ग फिदीफिदी हसायचा. मामंजींनी तो दात घासून घासून, बाईंना समोर बसवून धडे वाचायला लावून, शिट्टी घालवली होती. हसत हसत नवरा तो किस्सा सांगत होता. त्या बाईसुद्धा जाणार, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो मध्येच थांबला. मामंजी पाणी प्यायले आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सूनबाईने कोठाराची सेटिंग बदलली. आजवरचा नियम एकच होता, काही फेकायचं नाही. तो तिने खोडला. पेशंटांच्या कप्प्यासाठी नवा घातला, की पाच वर्षांपलीकडचं सोडून द्यायचं. जतन करा या बटनावर बोट ठेवताना तिच्या जिवावर आलं, पण ठेवलं. कोठार नेहमीसारखं शांतपणे घरघरत राहिलं. जागा लगेच मोकळी होत नाही. आधी नको असलेल्या तुकड्यांवर खुणा पडतात, आणि मग पुरता एक दिवस गेल्यावर केर काढणारा आतला झाडू येऊन त्या खुणांचं सगळं काढून टाकतो. चुकून नको ते टाकलं असेल तर तेवढी सवड असावी, म्हणून.

मामंजी बोळात उभे होते. त्यांनी विचारलं, झालं का. ती म्हणाली, झालं. त्यांनी विचारलं, परत फिरवता येतं का. ती म्हणाली, उद्या दुपारपर्यंत येतं, नंतर नाही. ते बरं म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

सकाळी ती टेबलाशी येऊन बसते न बसते तोच मामंजी आले. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. डावा हात उजव्या हातावर घट्ट दाबून ठेवलेला. बोळातून भट्टी तापल्याचा वास येत होता आणि पलीकडे वन्सं कुणाला तरी फोनवर ताडताड बोलत होत्या. मामंजींनी दाराकडे एकदा पाहिलं.

"लिही," ते म्हणाले. "उद्यानक्की. दोन्ही शब्द जोडून."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग लक्षात आलं, की हा परवलीचा शब्द. तिने तो टंकला आणि दोन वर्षांपूर्वीचं पहिलं गाठोडं उघडलं. नमुने एकामागून एक पडद्यावर आले. सुळे, दाढा, पटाशीचे दात, सगळे ओळखीचे. तिने ते कुलपाशिवाय कोठारात पाठवले. कोठाराने पाहिलं आणि सांगितलं, नवीन शून्य. हे बरोबर होतं. कुलूप लावायच्या आधी हेच नमुने उघडे येत होते, ते आत होतेच.

मग तिने कालचं गाठोडं उघडलं. हात जरा घाईने चालत होते. खोटं कशाला, इतक्या दिवसांचं कुतूहल होतंच, आणि नवा संच घरात सगळ्यांच्या आधी आपण बघणार याचा थोडा तोराही. तेही तिने उघडं करून कोठारात पाठवलं. आता जे नवीन असेल ते आत जाईल आणि किती ते दिसेल.

नवीन शून्य.

काहीतरी चुकलं असं समजून तिने मधलं एक घेतलं, मग आणखी एक. शून्य. शून्य. कोठाराला दातातलं काही कळत नाही, कौतुक कळत नाही आणि भीडभाडही नाही. ते फक्त एवढंच सांगत होतं, की हे माझ्याकडे आधीपासून आहे. दोन वर्षं रोज संध्याकाळी मामंजी तेच ते गाठोडं बांधत होते आणि तेच ते कुलूप लावत होते. आत एक दात वाढला नव्हता. कुठल्या दाताचा एक कोपरासुद्धा हलला नव्हता.

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवेना. पडद्यावरच्या शून्याकडेच बघत राहिली.

मामंजी म्हणाले, "काही निघालं नाही ना? निघणार नाही." मग त्यांनी डावा हात उचलला. खालचा उजवा हात मांडीवर फडफडत होता, आणि तो थांबवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. म्हणाले, "पेन धरलं की रेघ भलतीकडेच जाते. मला वाटायचं, आज नाही तर उद्या बसेल."

सूनबाईला एकदम त्या अर्ध्या कपाचा उलगडा झाला. भरलेला कप हिंदकळतो. एवढी साधी गोष्ट, आणि रोज समोर बसून एकाच्याही ध्यानात आली नाही. तिला स्वतःचाच राग आला. कोण काय किती साठवतं ते ती रोज मोजून बघायची, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस दोन वर्षं काय लपवतोय याचा तिला पत्ता नव्हता.

तिने विचारलं, कधीपासून. ते म्हणाले, संच करतो असं सांगितलं त्याच्या जरा आधीपासून. डॉक्टरला दाखवलं होतं, एकट्याने जाऊन. वयाचं आहे, वाढेल हळूहळू, जिवाला धोका नाही. घरात सांगितलं असतं तर सगळ्यांनी हातातलं काढून घेतलं असतं आणि गॅलरीत बसवलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, दार लावून बसावं. पण माझ्या रिकाम्या गाठोड्यापायी त्या बाईंचा दात जायला नको, सूनबाई. तो खरा आहे.

तिने आधी काम केलं. सेटिंग उघडली. पाच वर्षांचा नियम काढला, जुना परत घातला, की पेशंटांचं काही फेकायचं नाही. खुणा पडल्या होत्या त्या पुसल्या गेल्या. मग कुलपाची गाठोडी दर महिन्याचं एक अशी उघडून पाहिली, सगळीकडे तेच आहे याची खात्री केली, आणि तेवढ्या कप्प्यासाठी नवा नियम लावला. उघडा संच ठेवायचा, बंद गाठोडी सोडायची. हे सगळं होईपर्यंत मामंजी शाळेतल्या मुलासारखे शेजारी बसून होते. उद्या झाडू फिरला की अर्ध्याच्या वर कोठार मोकळं होणार होतं. मोठ्या डब्याचीही आता घाई नव्हती.

तेवढ्यात नवरा आत आला, आणि बापाला बायकोच्या शेजारी बसलेलं पाहून त्याचा चेहरा खुलला. मागोमाग वन्संही आल्या, चहाचा ट्रे घेऊन. नवऱ्याने सूनबाईला विचारलं, "म्हणजे दाखवला बाबांनी? कसा झालाय संच?"

बघा आता. खरं सांगावं तर मामंजी उघडे पडतात, आणि खोटं सांगावं तर उद्यापासून दार पुन्हा बंद. तिने तोंड उघडलं आणि मध्यम मार्ग म्हणून कुलपाविषयी बोलायला लागली, की जागा कुलूपच खात होतं, बाकी काही नाही. हे खरंही होतं. पण मामंजींनी तिला हातानेच थांबवलं.

"संच नाही," ते म्हणाले. "दोन वर्षांत मी एक दात केलेला नाही. हात चालत नाही माझा."

नवरा कोठाराच्या डब्याकडे बघत राहिला, जणू तोच काहीतरी खुलासा करेल. शेवटी वन्संनीच विचारलं, आणि त्यांचा आवाज कधी नव्हे इतका खाली आला होता. "मग दार लावून करत काय होतात, बाबा?"

"बसत होतो," मामंजी म्हणाले.

वन्संनी ट्रे टेबलावर ठेवला. किटली उचलली, मामंजींच्या कपात अर्ध्यापर्यंत चहा ओतला, थांबल्या, आणि मग काठोकाठ भरला. मामंजींनी तो दोन्ही हातांनी उचलला. बशीत सांडला, टेबलावर सांडला, थोडा सदऱ्यावरही सांडला. कुणी नजर वळवली नाही आणि कुणी पुसायलाही धावलं नाही. उरलेला ते सावकाश प्यायले. गरम होता. वन्सं पदराने डोळे पुसत म्हणाल्या, की दोन वर्षं मी दाराबाहेर चहा गार करत होते, आधी सांगायला काय दातखिळी बसली होती? आणि मग सगळ्यांनाच हसू आलं, मामंजींना सुद्धा.

नवरा म्हणाला, बाबा, तुम्ही सांगा, मी पेन धरतो. मामंजींनी ताबडतोब नकार दिला. म्हणाले, तुझा हात चांगला आहे, म्हणूनच नको. तो माझं ऐकणार नाही, स्वतःचंच करेल. मग सूनबाईकडे वळले आणि म्हणाले, हिला दातातलं काही कळत नाही, ही सांगेन तेवढंच करेल. ही स्तुती की निंदा, हे सूनबाईने मनाला लावून घेतलं नाही.

त्या दुपारी मागच्या खोलीचं दार उघडं राहिलं. पेन तिच्या हातात आणि मामंजी तिच्या खांद्यामागे उभे. सत्तरीच्या माणसाचा खालचा पटाशीचा दात करायचा होता, कड झिजलेला. इथून घे, केसभर, जास्त नको, अगं केसभर म्हटलं, रस्ता नाही खणायचा. आता थांब. हा जरा थकलेला आहे, पण पडेल नाही, तसा दिसला पाहिजे. थकलेला दात कसा दाखवतात हे तिला काय ठाऊक, पण ते म्हणतील तिथे ती पेन नेत राहिली. दोनदा सगळं पुसून पुन्हा केलं. तिची मान आखडली. मामंजींना तहानभूक नव्हती.

संध्याकाळी तिने कुलूप न लावता कप्पा बंद केला आणि कोठाराला काम सुरू करायला लावलं. मामंजी चष्मा सारखा करून वाकले. सगळे जुने नमुने एकामागून एक ओळखले गेले, हा तोच, हाही तोच, आणि शेवटी त्यांच्या कप्प्यापुढे एक आकडा आला. अगदी किरकोळ होता. वन्संच्या ऑर्डरींहूनही कमी.

"एवढंच?" मामंजींनी विचारलं.

ती म्हणाली, एवढंच. पण नवीन आहे.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, याच्या शेजारचा सुळा राहिलाय. तिने मान चोळत विचारलं, कधी करायचा.

"उद्या," ते म्हणाले, आणि दिवा मालवून, दार तसंच उघडं ठेवून बाहेर आले.